वाघूर आणि व्हॉलीबॉल

मला लहानपणापासून एक खोड आहे. डोक्यात आलं की ते तोंडातून गेलंच म्हणून समजा. माय म्हणायची, हिच्या जिभेला दावं बांधायला पाहिजे. माझा धंदा सुरू झाला तो ह्या खोडीमुळं, आणि बुडायला आला तो एक दिवस मी नेमकी गप्प बसले म्हणून. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि दहावीत होते.

आमच्या शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलचं एक जाळं होतं. जाळं म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. वर एक दोरी, खाली एक दोरी आणि मध्ये लोंबणाऱ्या चिंध्या. बॉल वरून गेला की आरपार गेला, यावरून रोज भांडणं. त्यातली निम्मी मीच उकरून काढायचे. खेळाचे सर भला माणूस. भांडण वाढलं की शिट्टी तोंडात धरून डोळे मिटून उभे राहायचे. नवं जाळं मागवलंय असं ते म्हणत, पण ते पार उत्तरेकडून यायचं होतं आणि शाळाशाळांचे सामने तोंडावर आले होते.

"तुमची दहावी होऊन जाईल, मग येईल ते," एकदा ते वैतागून म्हणाले.

"सर, जाळं तर आमचे आबा करतात," मी म्हणाले.

"तुझे वडील कंपनीत वॉचमन आहेत ना?"

"आता हायेत. आधी धनगर होते."

"म्हणजे आता धनगर नाहीत?"

"हायेत की सर. फक्त मेंढरं न्हाईत."

सगळ्या पोरी हसल्या, सरही हसले, पण जाताजाता म्हणाले, "बरं, विचार त्यांना." झालं. मी शब्द देऊन मोकळी आणि घरी आबांना काही पत्ता नाही.

आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं. घरचा कळप होता. मेंढरं रानात बसवली की भोवती खुंटे ठोकून जाळं उभं करायचं, म्हणजे मेंढरू बाहेर जात नाही आणि लांडगा आत येत नाही. त्या जाळ्याला वाघूर म्हणतात. आबांच्या हातची वाघूर आसपासच्या गावांतले धनगर मागून न्यायचे. मग चिकलठाण्याकडं कारखाने यायला लागले. दिवाळीनंतर आबा ज्या माळांवर मेंढरं घेऊन यायचे, त्या माळांना तारेची कुंपणं पडली. चराई गेली, कळप विकला, आणि त्यातल्याच एका माळावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर आबा खाकी टोपी घालून उभे राहिले. आम्ही शहरात, गारखेड्यात दोन खोल्या घेऊन राहायला आलो. पगार वेळेवर, भोंगा वेळेवर, सगळं नीट. फक्त आबा बोलेनासे झाले. घरी आले की खाटेवर बसून नुसती बोटं चोळत राहायचे. मला ते बघवत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी मी विषय काढला.

"मेंढरं न्हाईत तर वाघूर कुणाला?" आबा म्हणाले.

"आम्हा पोरींना."

"पोरींना कोंडायचं?"

"नाय ओ आबा. मधी बांधायची. हिकडून बॉल तिकडं मारायचा, तिकडून हिकडं."

आबांनी विचार केला. "मग मधी बांधताच कशाला? मोकळा मारा की."

मी खेळाचे नियम सांगायला लागले, ते आबांच्या डोक्यावरून गेले. पण मायला काय वाटलं कोण जाणे, तिनं उठून पेटी उघडली आणि तळातून जाळं विणायची बांबूची चपटी सुई काढून आबांच्या पुढं ठेवली. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मला विचारलं, "लांबी किती म्हणली?"

दोरी आणायला मी शहागंजात गेले. तिथं दोऱ्या-सुतळ्यांचा एक म्हातारा व्यापारी बसायचा. मी नायलॉनच्या दोरीचं एवढं मोठं बंडल मागितलं तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"इत्ती डोरी कायकू, बेटी? मच्छी पकडने जारी क्या?"

"नाही चाचा, व्हॉलीबॉल का जाल बनारे."

"कौन बनारा?"

"मैं," मी ठोकून दिलं.

"तो फिर ये पक्की डोरी ले. कच्ची ले को गई तो लोगां मेरे को बोलेंगे."

दोरी पक्की निघाली, पण आबांची गाठ तिच्यावर टिकेना. आयुष्यभर त्यांनी अंबाडीच्या सुतळीवर गाठी मारलेल्या. सुतळी गाठ धरून बसते, नायलॉन सटकतं. संध्याकाळी सरळ विणलेलं जाळं सकाळी वाकडं. "ही दोरी हाय का गांडूळ," म्हणून आबांनी दोनदा सुई फेकली आणि दोनदा परत उचलली. दोन दिवस ड्यूटीवरून आले की हेच. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले होते तर मागून आवाज आला, "घावली." गाठीला आणखी एक वेढा द्यायचा, बास. किती महिन्यांनी आबा आपणहून काही बोलले होते. मी दप्तर टाकून तिथंच बसले आणि ती गाठ शिकले. शाळेला उशीर झाला, सरांची बोलणी खाल्ली, पण मला त्या दिवशी जे बरं वाटलं त्याला तोड नाही.

जाळं झालं, पण व्हॉलीबॉलच्या जाळ्याला वरच्या कडेनं पांढऱ्या कापडाची रुंद पट्टी लागते. ती नसेल तर जाळं कुठं संपतं ते खेळणाऱ्याला दिसत नाही. तिथं माझी मैत्रीण कामाला आली. ती माझ्याच बाकावर बसायची आणि आमच्या टीमची सर्व्हिस तीच करायची. तिची सर्व्हिस घ्यायला समोरच्या पोरी एकमेकींना पुढं ढकलायच्या. नाल्यापलीकडं बौद्ध वस्तीत तिचं घर. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची, आणि मशीनवर हीसुद्धा आईच्या वरचढ. मी चार शब्द बोलून जे करायचे ते ती एका शब्दात करायची. जाळं बघून ती म्हणाली, "मांजरपाट. दुहेरी." दुसऱ्या दिवशी पट्टी लावून तयार. टाके असे की जणू मोजपट्टी ठेवून घातलेले.

"आपण हे इकू," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. आमची भागीदारी एवढ्या बोलण्यावर झाली.

पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. आबांनी पाळी बदलून घेतली आणि टोपीसकट येऊन उभे राहिले. नवं पांढरं जाळं, वर पट्टी, आम्ही सगळ्या ऐटीत. पहिला गेम जोरात चालला. मग समोरच्या एका उंच पोरीनं बॉल असा हाणला की तो जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लागला. म्हणजे लागायला पाहिजे होता. तो सरळ जाळ्यातून निघून माझ्या पायाशी आला. कुणाला काही कळेना. रेफ्रींनी जाऊन बघितलं तर कोपऱ्यात एक घर, म्हणजे जाळ्याचं एक भोक, चांगलं हातभर मोठं. आणि फाटलेलं नाही, व्यवस्थित गाठी मारून ठेवलेलं.

सरांनी आबांकडं बघितलं. आबा शांतपणे पुढं आले.

"कोकराची वाट हाय ती, सर," त्यांनी समजावून सांगितलं. "माय आत अन् लेकरू बाहेर ऱ्हायलं, तर त्यानं जावं कुठनं? एक घर सोडावंच लागतं."

सर आधी गंभीर चेहऱ्यानं मान हलवत राहिले. मग त्यांच्या तोंडातली शिट्टी पडली आणि ते मैदानात खालीच बसले. असे हसले की डोळ्यांतून पाणी. समोरच्या पोरी हसल्या, रेफ्री हसले, आबांनासुद्धा हसू फुटलं. मैत्रिणीनं तेवढ्यात सुई-दोरा आणून ते घर बंद केलं आणि तो पॉइंट पुन्हा खेळायचं ठरलं. सामना आम्ही जिंकलो. हरलो असतो तरी मी हेच सांगितलं असतं म्हणा.

त्या सामन्यामुळं आमचं नाव झालं. "भोकाच्या जाळ्यावाल्या" म्हणून का होईना, झालं. दुसऱ्या शाळेनं जाळं मागितलं, मग तिसरीनं. एका हायस्कूलनं फुटबॉलच्या गोलाचं जाळं मागितलं, ते आमच्या दोन खोल्यांत मावेना म्हणून आम्ही गल्लीत विणलं. मी आणि आबा विणायचो, मैत्रीण रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडं यायची, जाळं तपासायची, माप घ्यायची आणि पट्ट्या घरून शिवून आणायची. आबा प्रत्येक जाळ्यात कोपऱ्यात ती वाट सोडायचेच. "हात ऐकत नाय गं," म्हणायचे. मैत्रीण आधी तोच कोपरा शोधायची, घर बंद करायची आणि मग पुढचं बघायची. मग माय आम्हा दोघींना भाकरी आणि ठेचा वाढायची. चुलीजवळ बसून खायचो आणि मी एकटीच बडबडायचे.

तेवढ्यात आबांनी खबर आणली की त्यांच्या कंपनीच्या मैदानावर सगळ्या कंपन्यांच्या कामगारांचे व्हॉलीबॉलचे सामने होणार आहेत. मी म्हटलं, आता सुट्टी नाही. भाड्याची सायकल घेतली, मैत्रिणीला कॅरिअरवर बसवलं, नमुन्याचं जाळं तिच्या मांडीवर, आणि चिकलठाण्याला गेलो. गेटवर आबा उभे. मी सरळ आत निघाले तर आबांनी हात आडवा केला.

"नाव?"

"आबा, मी हाय."

"नाव सांगा. गाव. कुणाला भेटायचं. काय काम."

मागं मैत्रीण तोंडाला जाळं लावून हसत होती. रजिस्टरमध्ये मी माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, धंदा. आबांनी ते वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं, कारण त्यांना सहीपुरतंच यायचं, आणि दार उघडताना हळूच म्हणाले, "साहेब भला हाय. घाबरू नको." साहेबांनी जाळं ओढून बघितलं, लोंबकळून बघितलं, आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि आठ जाळी सांगितली. आठ. मी परतताना सायकल इतकी जोरात हाणली की मैत्रीण मागून ओरडायला लागली, आणि ती ओरडणारी नव्हे.

ते दिवस शहरात ताणाचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून मोर्चे निघत होते, उलटे मोर्चे निघत होते, मध्येच बंद. मैत्रिणीच्या वस्तीतली माणसं मोर्चाला जात, तिची आईही एकदा गेली. तिच्या मामाच्या गावाकडून वाईट बातम्या होत्या. तिथं वस्तीवर लोक चालून गेले होते आणि मामाचं कुटुंब घर सोडून तिच्याकडं येऊन राहिलं होतं. हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं आणि मापाची पट्टी मागितली. मी पट्टी दिली आणि आम्ही कामाला लागलो. सात जाळी झाली, आठवं चालू होतं. पट्ट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या.

अशात गावाकडून मोठे काका आले. आबांचे थोरले भाऊ. आबांनी त्यांच्यापुढं जन्मात वर मान केली नव्हती, आणि आम्हा पोरांची तर ते आले की बोबडीच वळायची. त्या दिवशी आबा ड्यूटीवर होते. मी आणि मैत्रीण चुलीजवळ जेवत होतो. काकांनी पाय धुतले, आत आले आणि बघितलं.

"ही कुणाची?"

मैत्रिणीनं आडनावासकट नाव सांगितलं. ती ते नेहमी स्पष्ट सांगायची.

काकांनी तिच्याकडं नाही, मायकडं बघितलं. "मोर्चे काढायचे अन् जेवायला आमच्यात यायचं व्हय? ताट तरी येगळं ठेवती का नाय?"

माय पदर सावरून भिंतीकडं वळली. आणि मी. मी, जी रेफ्रीशी भांडायची, सरांशी भांडायची, शहागंजातल्या चाचाशी भांडायची, ती मूग गिळून ताटाकडं बघत बसले. मैत्रिणीनं हातातली अर्धी भाकरी ताटात ठेवली. मोरीवर जाऊन हात धुतले. स्वतःचं ताटही घासलं. मग आपली कात्री घेतली आणि गेली. माझ्याकडं तिनं एकदाच बघितलं. ती नजर मला अजून आठवते आणि आठवली की अजून माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत दुसऱ्या बाकावर बसली. मग बंद सुरू झाला, शाळाही बंद झाली. आठवं जाळंही विणून झालं, आठही घरात पट्ट्यांशिवाय पडलेली आणि सामने रविवारी. मी मांजरपाट आणला आणि हातानं शिवायला घेतला. माझा टाका म्हणजे काय सांगू, पट्टी एकीकडं आणि जाळं दुसरीकडं. बोटांना भोकं पडली. खरं म्हणजे जाळ्यांचं दुःख मला तेवढं नव्हतंच. साहेबांना नाही म्हणून सांगता आलं असतं. पण ती आता कधीच माझ्या शेजारी बसणार नाही, हे मनात आलं की सुई बाजूला पडायची. जावं म्हटलं तर पाय उचलत नव्हता. जाऊन बोलणार काय?

आबांनी माझी शिवण हातात घेऊन बघितली.

"हे काम तिचं हाय. जा, बोलवून आण."

"ती यायची नाय, आबा."

"का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ताट घासलेलंही सांगितलं. आबा ऐकत राहिले. उठले, आठही जाळी एका गाठोड्यात बांधली, डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "चल."

सकाळची वेळ, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. चौकात हवालदारानं अडवलं.

"डोक्यावर काय आहे?"

"वाघूर," आबा म्हणाले.

"मेंढरं कुठंयत?"

"इकली."

"मग वाघूर कुठं चालली?"

"शिवायला."

हवालदारानं काठीनं गाठोडं दाबून बघितलं. "जा बाबा," म्हणाला.

वस्तीच्या तोंडाशी पाच-सहा पोरं उभी होती. तेव्हा त्या वस्तीत कुणीही अनोळखी शिरला की विचारपूस होई, आणि का होऊ नये. त्यातल्या एकानं मला ओळखलं. "अरे, ही तर भोकाच्या जाळ्यावाली," तो म्हणाला आणि आम्हाला वाट मिळाली.

मैत्रीण दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि मान खाली घालून खडे काढत राहिली. तिची आई बाहेर आली. आबांनी गाठोडं उतरवलं, ओट्यावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई," ते म्हणाले, "उन्हाचं चालत आलो. पाणी देता का?"

आमच्या आबांनी तोवर दुसऱ्या वस्तीत पाणी मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीला आमच्याकडं भाकरी मिळत होती, पण आम्ही तिच्याकडं कधी काही खाल्लं नव्हतं, आणि हे माझ्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं. तिच्या आईनं, मावशींनी, तांब्या दिला. आबा घटाघटा सगळं पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला, आणि आणखी मागितलं.

मला वाटलं, झालं, मिटलं. मी लगेच गाठोडं सोडायला वाकले.

"पाणी तुझ्या आबांनी पिलं," मैत्रीण म्हणाली. "त्यांचं झालं. तुझं काय?"

मी गाठोड्यावरून हात काढला.

"एरवी साऱ्या जगाशी भांडती. माझ्या वेळंलाच तुझं तोंड शिवलं व्हय?"

"मी भ्याले," मी म्हणाले. "काकांना भ्याले. तू गेली तरी उठले नाय. लई वाईट वागले मी." आणि माझं रडू फुटलं. आबा तिथं, मावशी तिथं, मामाची पोरं दारात, वस्तीतली पोरं मागं, सगळ्यांच्या समोर मी भोकाड पसरलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मी शिवलेली पट्टी उचलली, बघितली आणि एका झटक्यात टाके उसवले.

"रडू नको," ती म्हणाली. "मांजरपाटावर डाग पडतील. धर तिकडून."

मी धरलं. मग काय विचारता. मशीन ओट्यावर आणलं. साडेनऊ मीटरचं जाळं धरायला माणसं कमी पडली तर वस्तीच्या तोंडावरची पोरंच धरायला आली. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं जाळं, खालून कोंबड्या आणि लहान पोरं पळतायत, मावशी आणि ती आळीपाळीनं मशीन मारतायत, आणि आबा एका पोराला ती जादा वेढ्याची गाठ शिकवतायत. तिचे मामा कित्येक दिवसांत प्रथमच हसले, असं मावशी म्हणाल्या. दुपारी आम्ही सगळे तिथंच जेवलो. आबांनी दोनदा कालवण मागून घेतलं. रात्र व्हायच्या आत आठही जाळी तयार होती.

रविवारी बंद उठलेला होता. जाळी घेऊन गेलो तर गेटवर आबा. त्यांनी पुन्हा रजिस्टर पुढं केलं, आणि ह्या वेळी आधी तिच्याकडं. तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, कामाच्या रकान्यात लिहिलं, धंदा. दिवसभर आम्ही मैदानावर उभ्या होतो. आमच्या आठ जाळ्यांवर घामाघूम कामगार उड्या मारत होते आणि एकाही जाळ्यातून बॉल आरपार गेला नाही. आनंदानं आम्हाला उभं राहवत नव्हतं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायला पुढं लई वर्षं गेली. तोवर आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांत जाळी पाठवत होतो, दोघींची लग्नं झाली होती, पोरं झाली होती. नाव लागलं त्या दिवशी तिनं पेढे आणले आणि आमच्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटले, घेणारालाही आणि तोंड वाकडं करणारालाही.

पण सामन्यांनंतरच्या त्या थंडीत मोठे काका पुन्हा आले, ते सांगायचं राहिलं. हुरड्याची पिशवी घेऊन आले होते. माय चुलीपुढं, आबा घरात, काका पाटावर बसलेले, त्यांचं ताट वाढलेलं. मैत्रीण नेहमीच्या वेळेला पट्ट्या घेऊन दारात आली. काकांना बघून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. काकांनी घास हातात धरला. आबा माझ्याकडं बघत होते. अगदी खरं सांगते, ह्याही वेळी मी भ्याले होते.

मी दुसरं ताट घेतलं, भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि ते काकांच्या शेजारी ठेवलं.

"काका," मी म्हणाले, "ही माझी भागीदार. आमच्यात रोज जेवती. जरा सरकून बसा."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग आबांकडं बघितलं. आबा खाली मान घालून हुरड्याच्या पिशवीची गाठ सोडत होते.

काका सरकले. फार नाही, वीतभर. ती आत आली आणि तिनं दोन भाकरी खाल्ल्या.